लोड टाकून बघ

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. सांगलीच्या गाडीचं काय झालं हे आतापर्यंत दोन मावश्या, एक आत्या आणि कोल्हापूरच्या वहिनी अशा चौघींना फोनवर सांगून झालंय. म्हणून आता सगळ्यांसाठी एकदाच.

तर झालं असं, की आमची गाडी २०१० सालची. १५ वर्षं भरली की नोंदणी पुढच्या ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. आमची तारीख होती सोमवारची. आणि शनिवारी सकाळी गाडी ठार! किल्ली फिरवली तर काही म्हणजे काहीच नाही. डॅशबोर्डवर एक दिवा नाही, हॉर्न नाही, दार उघडल्यावर छतातला तो मिणमिणता बल्बसुद्धा नाही.

मेकॅनिकने फोनवरच निकाल दिला, "बॅटरी गेली ताई, नवीन टाकू." समोरच्या काकांनी बिचाऱ्यांनी आपली गाडी आणून जंपर लावले. दोन्ही चिमटे थेट बॅटरीला. गाडी ढिम्म. दादाने पुण्याहून फोनवर सांगितलं, "भंगारात देऊन टाका आता. नाहीतरी चालवतंय कोण?"

हा प्रश्न मात्र खरा होता. बाबांची आठवण दोन वर्षांपासून दगा देतेय, हे तुम्हाला माहीत आहेच. मिरजेहून सांगलीला, म्हणजे आयुष्यभराच्या रस्त्यावर, ते एकदा चुकले आणि तीन तासांनी घरी आले. तेव्हापासून किल्ली आईच्या कपाटात असते. मी येते तेव्हा आईला डोळ्यांच्या तपासणीला नेते, बस्स, तेवढीच गाडी फिरते. बाबा मात्र रोज सकाळी फडक्याने ती पुसतात.

आणि त्या शनिवारी बाबा आतून आपला जुना मल्टीमीटर घेऊन आले. ३४ वर्षं एमएसईबीत वायरमन होते. (२००५ मध्ये मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण आमच्या घरात अजून एमएसईबीच.) सकाळपासून दोनदा "आज वार कोणता?" असं विचारलेला माणूस बॉनेटपाशी उभा राहिला आणि मला म्हणाला, "आधी हातातली अंगठी काढ."

बॅटरीच्या दोन खुंट्यांवर मीटर लावला, १२.५. म्हणजे बॅटरी ठणठणीत. तसंही नुसती उतरलेली बॅटरी इतकी गप्प बसत नाही. दिवे मंद लागतात, स्टार्टर टकटक करतो, काहीतरी कुरकुर ऐकू येते. एकदम शुकशुकाट आणि बॅटरी चांगली, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. टर्मिनल, मेन फ्यूज, नाहीतर अर्थची केबल. टर्मिनल तर दोन्ही चकचकीत होते.

मग त्यांनी मीटरची लाल पिन प्लसवर ठेवली आणि काळी बॉडीच्या एका उघड्या बोल्टवर. इथेही १२ च्या वरच! मी म्हटलं, "बाबा, अर्थ पण ठीक आहे की."

"लोड टाकून बघ."

मी हेडलाइटचं बटण फिरवलं. आकडा धाडकन शून्याजवळ!

मीटर स्वतः करंट जवळजवळ ओढतच नाही. केबलमधली एखादी तार जरी शिल्लक असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. दिवा लावला की त्या एका तारेला ओझं पेलत नाही. खांबावर चढून हेच बघण्यात बाबांचं आयुष्य गेलं. त्यांनी काळी केबल दोन बोटांत धरली आणि टर्मिनलपासून खाली चाचपत गेले. वीतभर अंतरावर थांबले. "इथं मऊ लागतंय." पान्याने मायनस सोडवला, चाकूने वरचं आवरण चिरलं, तर आत तांबं नव्हतंच. नुसती हिरवी भुकटी, आणि दोन-तीन काळ्या तारा. जंपर का चालला नाही तेही कळलं. बॅटरी कितीही भरा, पुढे रस्ताच नव्हता.

(कधी स्वतः करायची वेळ आली तर सोडवताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते, प्लसवरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर जाळच निघतो.)

नवी केबल २८० रुपयांना मिळाली. लावली, वर व्हॅसलीन फासलं. किल्ली फिरवल्यावर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. घड्याळ तेवढं बारावर गेलं होतं.

आणि बाबांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

आई दारात उभी होती, काही बोलली नाही. मी गेट बंद केलं, हँडब्रेक लावला आणि उतरून त्यांना ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. ते पाच-सात मिनिटं इंजिन ऐकत बसले. गियरला हात लावला नाही. मग गाडी बंद केली, किल्ली काढली आणि आईकडे दिली.

सोमवारी आरटीओतून गाडी पास झाली. भंगाराचा विषय दादाने पुन्हा काढलेला नाही.

कुजलेल्या केबलचा तो तुकडा बाबांनी टेबलाच्या खणात ठेवलाय. अधूनमधून बाहेर काढतात आणि विचारतात, "हे कुठलं गं?" मी सांगते, गाडीचं, अर्थची केबल. त्यावर ते तुकडा उलटापालटा करून बघतात आणि मलाच विचारतात, "लोड टाकून बघितलंस ना?"