ताटाखालची जागा

घरातल्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येक ताटाखाली वेगळी मॅट अंथरावी की नाही, हा प्रश्न वरवर पाहता हौसेचा किंवा पाहुण्यांसमोरच्या देखाव्याचा वाटतो. परंतु जालना जिल्ह्यासारख्या प्रदेशात, जिथे जेवणाचे टेबल बऱ्याच घरांत गेल्या एक-दोन पिढ्यांतच आले आणि अनेक घरांत अजूनही आलेले नाही, तिथे या प्रश्नाचा संबंध स्वच्छतेच्या जुन्या कल्पनांशी, पाण्याच्या टंचाईशी आणि घरातल्या श्रमांच्या वाटणीशी थेट पोचतो. म्हणूनच त्याचे उत्तर नुसत्या आवडीनिवडीवर सोडून देता येत नाही.

ताटाखाली काहीतरी असले पाहिजे, ही कल्पना टेबलापेक्षा फार जुनी आहे. धर्मशास्त्राच्या निबंधग्रंथांत, म्हणजे स्मृतींमधली वचने विषयवार एकत्र करून त्यांचा अर्थ लावणाऱ्या मध्ययुगीन ग्रंथांत, भोजनपात्र ठेवण्याआधी जमिनीवर पाण्याने ‘मंडल’ काढावे असे सांगितलेले आढळते. हे मंडल ब्राह्मणासाठी चौकोनी, क्षत्रियासाठी त्रिकोणी आणि वैश्यासाठी वर्तुळाकार असावे, शूद्रासाठी मात्र आकृती नको, नुसते पाणी शिंपडले तरी पुरे, असा त्या विधानाचा आशय आहे. ज्या जागेवर ताट टेकायचे ती जागाच माणसाची पायरी सांगत असे, ही गोष्ट विसरून ताटाखालच्या वस्तूंच्या देखणेपणाबद्दल बोलणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुढे मंडलाचा विधी घरोघरी विरत गेला. उरले ते ताटाभोवती पाणी फिरवणे, उजव्या हाताला चित्राहुती म्हणजे भाताच्या चिमुकल्या शितांचे नैवेद्य मांडणे, आणि सणावाराला पानाभोवती काढलेली रांगोळीची महिरप. ही महिरप ताटाखाली नसते, ताटाच्या कडेने असते, पण तिचे काम तेच आहे: एवढी जागा या माणसाच्या जेवणाची, असे सांगणे.

या आखणीमागे खरकट्याचा विचार उभा आहे. शिजवलेल्या अन्नाचा अंश ज्या भांड्याला, हाताला किंवा जमिनीला लागला ते खरकटे, आणि ज्यातले कोणी खाल्ले ते उष्टे. जेवणे झाली की उष्टी पाने उचलायची, सारवलेल्या जमिनीवरून शेणगोळा फिरवायचा, खरकटी शिते गोळा करून ती जागा पुन्हा वावरण्याजोगी करायची, हा मराठवाड्यातल्या घरांचा परिपाठ होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या शहाबादची करडी फरशी घराघरांत बसली तेव्हा शेणगोळ्याच्या जागी ओले फडके आले, पण वाकून पुसणारी व्यक्ती बदलली नाही. टेबल आल्यावर जुन्या माणसांचा पहिला आक्षेप खुर्चीवर बसून जेवण्याला नव्हता, तर अख्खे टेबल खरकटे होते याला होता. पाणी प्यायचा पेला ठेवायलासुद्धा निखळ जागा उरत नाही, ही त्यांची तक्रार होती. ताटाखालची मॅट नेमकी या तक्रारीला उत्तर देते, कारण ती खरकट्याची हद्द हातभर लांबी-रुंदीत बांधून टाकते आणि जेवण संपले की ती हद्दच उचलून मोरीत नेता येते.

जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात विसाव्या शतकाच्या मध्यावर जन्मलेल्या व्यक्तीचे आयुष्य डोळ्यासमोर आणले, तर तिच्या ताटाखाली काय काय येऊन गेले याची साखळी स्पष्ट दिसते. उष्टावणाच्या दिवशी, म्हणजे बाळाला पहिल्यांदा खीर चाटवतात तेव्हा, समोर पाट आणि रांगोळी असते. त्यानंतर मात्र कित्येक वर्षे जेवण थेट जमिनीवर. लग्नकार्यात आणि हरिनाम सप्ताहाच्या पंगतीत पळसाची पत्रावळ असे: पळसाची पाने एकावर एक रचून बारीक काड्यांनी टाचलेली, वाळून ताठ झालेली, वाढण्याआधी पाण्याचा हबका मारून थोडी नरम केलेली. तिच्याखाली माती असे, आणि ती माती कधीच सपाट नसे. म्हणून वाढप्याच्या आधी जेवणारा पहिले काम करी ते पत्रावळीच्या एका कडेखाली खडा किंवा ढेकूळ सरकवण्याचे. आमटीचा ओघळ कोणत्या बाजूला जाईल हे नजरेने ताडून नेमक्या त्याच बाजूला उठाव द्यायचा, आणि भाताचे आळे करून त्यात वरण घ्यायचे.

घरातल्या पितळीला, म्हणजे काठ उभे असलेल्या खोलगट ताटाला, असेच टेकण लावले जाई. ज्वारीची भाकरी येसराच्या आमटीत कुस्करायची असेल, तर रस एका बाजूला साठून राहिला पाहिजे आणि कोरडी भाकरी दुसऱ्या बाजूला राहिली पाहिजे. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेले पीठ, जे उकळत्या पाण्यात सोडले की दाटसर आमटी होते, आणि सपाट ठेवलेल्या ताटात ती क्षणात सगळीकडे पसरून भाकरीचा लगदा करते. लाकडाचा तुकडा, चपटा दगड, क्वचित भाकरीचाच जाड काठ, असे जे हाताला लागेल ते ताटाखाली जाई. सुस्थितीतल्या घरांत ताट ठेवण्यासाठी अडणी, म्हणजे पायांची बुटकी बैठक असे. पण ती ताटाला उंची आणि मान देई, कलता तोल देत नसे, आणि रोजच्या खाण्याच्या दृष्टीने टेकण हीच अधिक विचारपूर्वक योजलेली वस्तू म्हटली पाहिजे. खाणाऱ्याला काय हवे आहे हे पाहून ताटाखाली वस्तू ठेवण्याचे हे शहाणपण या भागात होतेच, त्यासाठी बाहेरच्या कोणत्याही चालीरीतीची वाट पाहावी लागली नव्हती.

जालना शहरात याच्या शेजारीच दुसरी एक पद्धत नांदत होती. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतात सामील होईपर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि इथल्या मुस्लिम घरांत जेवणाच्या वेळी दस्तरखान अंथरण्याची रीत आजही आहे. दस्तरखान म्हणजे जमिनीवर किंवा गालिच्यावर पसरलेले लांब कापड, ज्याच्या मधोमध मोठी भांडी येतात आणि दोन्ही बाजूंनी माणसे बसतात. सांडलेले शीत, मोडलेल्या रोटीचे तुकडे, हाडे, सारे त्या कापडावर पडते आणि जेवण झाल्यावर कापड चारही बाजूंनी दुमडून उचलले की खालची जमीन जशीच्या तशी स्वच्छ राहते. रांगोळीची महिरप एकेका माणसाला वेगळे करते, दस्तरखान सगळ्यांना एकाच कापडावर आणतो. टेबलावरच्या मॅटीत या दोन्हींचे अंश आहेत, कारण ती प्रत्येकाची जागा वेगळी दाखवते, तरी सगळ्या मॅटी एकाच फळीवर असतात आणि कोणाचाही चौकोन दुसऱ्याच्या चौकोनाहून वरचढ नसतो.

लष्करी छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची टेबले जालन्याने एकोणिसाव्या शतकातच पाहिली होती, परंतु ती गावाच्या घरांत शिरली नाहीत. घरांत टेबल आले ते फार नंतर, नोकरदारांच्या वसाहती, बियाणे आणि पोलादाच्या उद्योगांभोवती वाढलेले शहर, स्वतंत्र प्लॉटवरची घरे आणि गुडघे दुखणारे आईवडील यांच्या सोबत. आणि मॅट आली ती बहुधा रुखवतातून. रुखवत म्हणजे लग्नात वधूकडून मांडली जाणारी हातकामाची आणि खाद्यपदार्थांची आरास; तिच्यात क्रोशाने विणलेले गोल रुमाल, मण्यांची आसने, प्लॅस्टिकच्या वायरने गुंफलेले चौकोन असत. वधूने महिनोन्‌महिने डोळे ताणून केलेल्या या वस्तू लग्नानंतर शोकेसमध्ये किंवा ट्रंकेत जात, दिवाळीला बाहेर येत, आणि त्यांच्यावर आमटीचा थेंब पडू नये म्हणून सगळे घर धास्तावलेले राही. ताट ठेवण्यासाठी विणलेली वस्तू ताटापासूनच जपली गेली, हे त्या हातांच्या कष्टांचे चीज म्हणता येत नाही.

याच ठिकाणी या लेखाची भूमिका स्पष्ट सांगितली पाहिजे. मॅट वापरावी, आणि ती पाहुण्यांसाठी राखून न ठेवता रोज वापरावी. त्यामागचे सर्वांत मोठे कारण स्वच्छतेचे नसून घरात जेवायला कोण बसते याचे आहे. जुन्या पंगतीचा क्रम सर्वांना ठाऊक आहे: आधी देव आणि पाहुणे, मग पुरुष आणि मुले, आणि सगळ्यात शेवटी, पातेल्यात उरले असेल त्यावर, स्वयंपाक करणाऱ्या बायका. टेबल आल्याने हा क्रम आपोआप मोडला नाही. गरम भाकरी तव्यावरून ताटात पडली पाहिजे या आग्रहामुळे स्वयंपाक करणारी ओट्यापाशीच उभी राहिली आणि तिचे जेवण पुष्कळदा ओट्यावर, उभ्याउभ्या, एका वाटीत झाले. मॅटी जेवणाआधी मांडाव्या लागतात, आणि मांडताना मोजाव्या लागतात. पाच माणसांच्या घरात पाच मॅटी मांडल्या आणि एक रिकामी राहिली, तर ती रिकामी का आहे हा प्रश्न जेवणाऱ्यांच्या समोर राहतो. भाकऱ्या आधी करून फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्या, तर स्वयंपाक करणारीलाही सगळ्यांबरोबर बसता येते. ज्या जिल्ह्याच्या शाळांमधून, सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर मिळू लागलेले शिजवलेले अन्न, सर्व जातींची मुलेमुली एका ओळीत बसून खातात, त्या जिल्ह्यातल्या घरांना एवढा बदल अवघड जाऊ नये.

पाण्याचा मुद्दा दुय्यम नाही. १९७२ चा दुष्काळ जुन्या पिढीच्या बोलण्यात अजून आहे, आणि २०१२-१३ च्या टंचाईत जालना हा राज्यातल्या सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे धुवावी लागणारी प्रत्येक वस्तू ओझे असते, आणि म्हणून दररोज भिजवून, घासून, वाळवाव्या लागणाऱ्या सुती मॅटी इथे परवडत नाहीत. ओल्या फडक्याच्या एका हाताने स्वच्छ होणारी विणलेल्या प्लॅस्टिकची किंवा रेक्झिनची मॅट इथे अधिक योग्य. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने राज्य शासनाने थर्माकोलच्या आणि एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटांवर बंदी घातली, ती योग्यच होती. वर्षानुवर्षे वापरली जाणारी मॅट त्या जातीची वस्तू नव्हे. बांबूच्या काड्यांची मॅट दिसायला सुरेख असते, पण तिच्या फटींत भाकरीचा चुरा अडकतो आणि मुंग्या होतात.

सुती मॅट हवीच असेल तर ती गडद रंगाची घ्यावी. हळदीतला पिवळा रंग देणारे द्रव्य, कर्क्युमिन, तेलात विरघळते आणि तेलाबरोबर धाग्यात खोल जाते. साबणाच्या क्षाराने तो डाग लालसर होतो, म्हणून घाबरून अधिक साबण चोळला जातो, तर तोच डाग कडक उन्हात दोन-तीन दिवस ठेवला की फिका पडत जातो, आणि जालन्याला उन्हाची कमतरता नाही. मापाकडेही पाहावे लागते. बाजारातली नेहमीची मॅट साधारण ३० गुणिले ४५ सेंटिमीटरची, म्हणजे काटे-चमचे दोन्ही बाजूंना ठेवून मधोमध बशी मांडणाऱ्या पद्धतीला बेतलेली असते. मोठे ताट तिची सगळी रुंदी व्यापते आणि सांडलेले शीत बाहेर पडते, तेव्हा ताटाच्या कडेबाहेर चार बोटे तरी उरतील अशी मॅट शोधावी किंवा शिंप्याकडून शिवून घ्यावी. पॉलिश केलेल्या लाकडी टेबलावर गरम भांडे थेट ठेवले, तर उष्णता आणि वाफेचा ओलावा पॉलिशच्या थरात शिरून पांढरट वलय उमटते. त्यासाठी पातळ मॅट पुरत नाही, पातेल्याखाली वेगळी जाड बैठक किंवा कापडाची चुंबळ लागते.

आयुष्याच्या उतरणीला मॅटीचा उपयोग बदलतो. मोतीबिंदूने किंवा वयाने नजर मंदावली की स्टीलचे ताट काचेच्या किंवा पांढऱ्या सनमायक्याच्या टेबलावर नीट दिसत नाही, त्याची कड कुठे संपते हे कळत नाही. गडद निळ्या किंवा हिरव्या मॅटीवर तेच ताट उठून दिसते. अर्धांगवायूनंतर एकाच हाताने जेवणाऱ्या माणसाची अडचण याहून मोठी असते. भाकरी एका हाताने मोडण्याची सवय मराठवाड्यात लहानपणापासूनच असते: अंगठा आणि दोन बोटांनी कड दाबायची, उरलेल्या बोटांनी भाकरी ताटावर रोवून धरायची आणि मनगटाला झटका द्यायचा. गुळगुळीत टेबलावर या झटक्यासरशी ताटच पुढे सरकते, आमटी हिंदकळते, आणि अशा माणसाला मग दुसऱ्याने घास भरवायला सुरुवात होते, जे त्याला नको असते. ताटाखाली रबरी, न घसरणारी मॅट असली, किंवा ती नसेल तेव्हा पिळून काढलेला ओला पंचा चौघडी करून ठेवला, तर ताट जागचे हलत नाही. अशा घरात टेकणाचा लाकडी तुकडाही त्या मॅटीवर ताटाच्या दूरच्या कडेखाली ठेवावा, म्हणजे रस जेवणाऱ्याच्या बाजूला येतो, आणि येसराची आमटी भाकरीसकट स्वतःच्या हाताने खाता येते.