विजयदुर्ग ते तेरेखोल

दिवाळींत आमच्या पुण्याच्या घरीं सर्व भाऊबंद जमले होते. फराळ आटोपल्यावर वडील बंधूंनीं गेलीं चार वर्षें टळत आलेला विषय काढला. आचऱ्याजवळच्या एका वाडींतलें आमचें मूळ घर आणि त्यालगतची माडांची बाग विकावी कीं राखावी? गिऱ्हाईक दारीं आलें होतें. धाकट्या बंधूंना मुलीच्या शिक्षणासाठीं पैशांची निकड होती, आणि ती खोटी नव्हती. रात्रीं उशिरापर्यंत बोलणें झालें. अखेरीस वडील बंधू आम्हांस म्हणाले, "तुम्ही दोघें आतां नोकरींतून मोकळीं झालां आहांत. एकदां डोळ्यांनीं पाहून या, मग ठरवूं."

त्याप्रमाणें मार्गशीर्षांत आम्ही उभयतां मोटार घेऊन निघालों. लग्नाला अडतीस वर्षें झालीं, तरी गणपतीला यावें आणि पांचव्या दिवशीं परतावें, यापलीकडे आपला मुलूख आम्हीं कधीं पाहिला नव्हता. वाचकांपैकीं पुष्कळांची हीच कथा असेल. म्हणून सरळ वाडीवर न जातां, सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सारा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरावयाचा, असा बेत आम्हीं केला. हा किनारा सुमारें १२१ किलोमीटर लांबीचा. पण रस्ता खाड्यांना वळसे घेत जातो, त्यामुळें प्रवास त्याहून पुष्कळच मोठा होतो.

कोल्हापूर सोडून गगनबावड्याला करूळचा घाट उतरलों, आणि हवेंतला कोरडेपणा गेला. संध्याकाळीं विजयदुर्ग गांठला. वाघोटन खाडीच्या मुखाशीं पाण्यांत पाय रोवून उभा असलेला हा किल्ला म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचें बळकट ठाणें. १७२९ सालीं कान्होजी वारले. पुढें थोड्याच वर्षांत त्यांच्या मुलांत फूट पडून संभाजी विजयदुर्गास व मानाजी कुलाब्यास बसला. कान्होजींच्या हयातींत इंग्रजांना जो किल्ला घेतां आला नाहीं, तो १७५६ च्या फेब्रुवारींत वॉटसन व क्लाइव्ह यांनीं तुळाजी आंग्र्यांपासून घेतला; आणि त्या मोहिमेंत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. बंदरांतलें मराठी आरमार त्या वेळीं जळून गेलें. वांटणीचाच प्रश्न उराशीं घेऊन निघालेलीं आम्ही दोघें त्या तिहेरी तटावरून बराच वेळ कांहीं न बोलतां फिरलों.

देवगडाकडे येतांना जांभा दगडाचे सडे लागतात. उघड्या कातळावर सुरुंग लावून खड्डे पाडावयाचे, दुसरीकडून माती आणून ते भरावयाचे, आणि त्यांत हापूसचीं कलमें लावावयाचीं, अशी येथली बागायत. आंबा खातांना त्यामागचे हे कष्ट आमच्या ध्यानींमनींहि नसत. कुणकेश्वराचें दर्शन घेतलें. देवळाच्या पायथ्याशींच समुद्र. घंटेचा नाद आणि लाटांचा आवाज एकमेकांत मिसळत होता. तेथून मिठबांव, मुणगें असे करीत तिसऱ्या प्रहरीं आम्ही आपल्या वाडीवर पोंचलों.

घराची किल्ली शेजारच्या काकींच्या खुंटीवर असते. दार उघडलें तों माजघरांत उजेडाचे कवडसे पडलेले दिसले. प्रथम तें दृश्य सुंदर वाटलें. मग लक्षांत आलें, कीं कौलें सरकलीं आहेत. वासे व रिपा वाळवीनें पोखरल्या होत्या, पडवीची एक बाजू झुकली होती. जांभ्याच्या भिंती मात्र खणखणीत होत्या. विहिरीला पाणी भरपूर होतें, आणि खळ्यांतलें तुळशीवृंदावन सारवलेलें होतें. आम्हीं कोणी कधीं सांगितलें नव्हतें, पण काकी रोज सांजवेळीं तेथें दिवा लावीत आल्या आहेत.

रात्रीं त्यांच्याच ओटीवर जेवलों. उकडा भात, सोलकढी, आणि वालीची भाजी. बोलतां बोलतां गांवपळणीचा विषय निघाला. आचऱ्याची ही चाल प्रसिद्ध आहे. कांहीं वर्षांच्या अंतरानें रामेश्वराचा कौल घेऊन सारा गांव तीन दिवस व तीन रात्रीं वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसें, गुरें, कुत्रीं, कोंबड्या, सारीं निघतात. जातधर्म पाहिला जात नाहीं. घरांना कुलपें लागतात, आणि लोक शिवारापलीकडे झोंपड्या बांधून एकत्र स्वयंपाक करतात, रात्रीं भजनें म्हणतात. चौथ्या दिवशीं पुन्हां कौल लावावयाचा. देवानें अनुज्ञा दिली कीं गांव परत भरतो. आमच्या मनांत शास्त्रीय शंका आल्या, पण काकींच्या एका वाक्यापुढें त्या टिकल्या नाहींत. त्या म्हणाल्या, "देव आमकां भायर काडता, पण परत घराक हाडता. तुमकां कोण हाडतलो?"

आम्हां दोघांनाहि त्या रात्रीं झोंप आली नाहीं. आमचे आजोबा मुंबईहून आगबोटीनें येत, खोल पाण्यांत पडावांत उतरत, पुढें बैलगाडी. तरी एकहि वर्ष त्यांनीं चुकविलें नाहीं. आतां खाड्यांवर पूल झाले, १९९८ पासून कोंकण रेल्वे धांवूं लागली, २०२१ सालीं चिपीच्या माळावर विमानतळहि झाला. वाट सोपी होत गेली, आणि आमचें येणें मात्र कमी होत गेलें. हा दोष वाटेचा खचित नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मालवण. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर ज्याचें काम सुरू केलें, तो सिंधुदुर्ग होडींतून जाऊन पाहिला. चहूंकडे खारें पाणी, आणि आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. राजाराम महाराजांनीं बांधविलेलें शिवराजेश्वराचें देऊळ तेथें आहे. किल्ल्यांत अजून मोजकीं कुटुंबें राहतात. जेथें माणूस आहे तेथील अंगण झाडलेलें, आणि जेथें नाहीं तेथें रान माजलेलें. हा फरक एका दृष्टिक्षेपांत कळतो.

पुढें धामापूरचा तलाव पाहून, नेरूरपारचा पूल ओलांडून, पाट-परुळ्याच्या वाटेनें वेंगुर्ल्यास आलों. डच व्यापाऱ्यांच्या जुन्या वखारीचे भग्न अवशेष तेथें आहेत. आरवलीस वेतोबाला वाहिलेले भलेमोठे चामड्याचे जोडे पाहिले. देव रात्रीं गांवाभोंवतीं फिरून राखण करतो, म्हणून ते झिजतात, अशी तेथें श्रद्धा आहे. शिरोड्यास १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची मिठागरें पाहिलीं. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत याच गांवीं शिक्षक होते, हें आमच्या पिढीला सांगावयास नकोच.

रेडीवरून तेरेखोलच्या किल्ल्यावर पोंचलों, तेव्हां सूर्य मावळत होता. हा किल्ला खाडीच्या अलीकडच्या तीरावर असूनहि गोव्यांत मोडतो. तेथें बसून आम्हीं वडील बंधूंना पत्र लिहिलें. फोन करतां आला असता. पण कागद चारचौघांत वाचून दाखवितां येतो. लिहिलें तें एवढेंच: रस्त्याकडेचा बागेचा तुकडा विकून धाकट्यांची नड भागवावी, घर, विहीर आणि खळें राखावें, छपराचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा, आणि दर मार्गशीर्षांत तीन दिवस प्रत्येकानें येथें येऊन राहावें.

सर्वांना तें पटलें असें नाहीं. एक वहिनी अद्यापि म्हणतात, कीं हा भावनेचा खर्च आहे. धाकटे बंधू मात्र पत्र ऐकून बराच वेळ गप्प होते, आणि मग छपराच्या वर्गणींत पहिला आंकडा त्यांनींच घातला. पावसाळ्यापूर्वीं नवे वासे चढले.

किल्ली आम्हीं पुण्याला आणली नाहीं. ती काकींच्या खुंटीवरच आहे.