लातूर-नांदेडचे आणखी फोटो

चि. बाळ,


होळीला कॅमेरा घेऊन येतोयस हे ताईकडून कळलं. फोनवर सगळं बोलणं होत नाही, म्हणून लिहितो.

आपल्या भागाचे देशाने पाहिलेले फोटो आठव. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरचे किल्लारीचे ढिगारे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. ते फोटो निघायलाच हवे होते. पण त्यांत आपली माणसं फक्त सोसताना दिसतात. भूकंपाच्या आदल्याच रात्री गावोगाव गणपतीचं विसर्जन झालं होतं. त्या मिरवणुकांचा एकही फोटो माझ्या पाहण्यात नाही. संकटात माणसावर काही ओढवतं. सणात तो स्वतः काही उभं करतो. तू ते टिप.

नांदेडला सचखंड गुरुद्वारापासून सुरुवात कर. गुरू गोबिंदसिंघजी १७०८ मध्ये इथेच ज्योतिज्योत समावले. पुढे महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात ही वास्तू उभारली. पांढऱ्या संगमरवरावर कॅमेरा फसतो, फोटो करडा येतो. एक्स्पोजर थोडं वाढव. डोकं झाकून आत जा, कॅमेरा पिशवीत ठेव आणि आधी दर्शन घे. बाहेर कुठे फोटो चालतो ते सेवादारांना विचार. कळसाचे फोटो सगळेच काढतात. तू लंगरमध्ये पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे काढ, अर्थात त्यांना विचारूनच.

होळीच्या सुमारास येणाऱ्या होला मोहल्ला या शीख सणाला हल्लाबोल निघतो. निशाण, घोडे, उपसलेल्या तलवारी आणि मागे धावणारा जनसमुदाय. शटर १/१००० वर ठेव. रस्त्यात उभा राहू नकोस. एखाद्या घरमालकाला विनंती करून गच्चीवर जा.

लातूरला गंजगोलाई खालून फोटोत मावत नाही. १९१७ ची ही गोल बाजारपेठ, मध्यभागी जगदंबेचं देऊळ आणि भोवती फुटणारे सोळा रस्ते. उंचावरून सकाळीच फोटो घे, म्हणजे आकार कळेल. मग खाली उतरून दुकानं उघडणाऱ्यांमध्ये दोन तास काढ. बाजार चालवणाऱ्या माणसांशिवाय गोलाईचा फोटो म्हणजे नुसता नकाशा.

मार्गशीर्षात जमलं तर पुन्हा ये. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी आणि देवणी जनावरं यांचा मोठा बाजार असतो. भंडारा उधळला की लेन्स जपावी लागते, पण त्या पिवळ्या उजेडातले चेहरे तुला दुसरीकडे मिळायचे नाहीत.

आणखी एक सांगतो. अंगात आलेली बाई, पाया पडताना रडणारा म्हातारा यांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नकोस. श्रद्धा हा तमाशा नव्हे. ज्यांचा फोटो काढशील त्यांचा पत्ता घे आणि प्रत पाठव. फोटो नेऊन परत न फिरकणारे इथल्या लोकांनी पुष्कळ पाहिलेत.

प्रत्येक फोटोखाली गाव, सण आणि तारीख लिही आणि निवडक फोटो वर्तमानपत्रांकडे पाठव. मराठवाड्याचा फोटो हवा असला की संपादकाच्या हाती तडकलेल्या जमिनीशिवाय आणखीही काही असावं, एवढं तू कर.

तुझा,
मामा