काकांची काठी, नवं रीळ

बोटीवरचा माणूस सुट्टीवर येताना काय घेऊन येतो, यावर आमच्या रत्नागिरीत त्याचा मान ठरायचा. कुणी टू-इन-वन आणी, कुणी सेंटच्या बाटल्या. आमचे थोरले काका एकदा फायबरग्लासची, दोन तुकड्यांत सुटणारी गळाची काठी घेऊन आले आणि आजीने कपाळाला हात लावला. तोवर आमच्या घरी गरवणं म्हणजे लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं आणि गरी. मासा लागला की तो आधी बोटाला कळायचा.

काठीसोबतचं रीळ फ्रान्सचं, मिचेल ३००. काळंभोर, अंडाकृती. मूठ फिरवली की आतले दाते किर्र वाजत. ते निवडलं कुणी? कुणीच नाही. काकांना कुठल्याशा बंदरात मिळालं, म्हणून आलं. भाट्याच्या खाडीत, काजळी नदी समुद्राला मिळते तिथे, काका जिवंत कोलंबी लावून तांबोशीची वाट बघत. घरी आल्यावर रीळ घासलेटने पुसायचं, शिलाई मशीनचं तेल सोडायचं आणि मगच जेवायला बसायचं, हा शिरस्ता. काकांनंतर तो मोडला आणि खाऱ्या हवेने आपलं काम केलं. काठी मात्र अजून ठणठणीत आहे.

आता नवं रीळ घ्यायचं तर मोबाइलवर शेकडो दिसतात. २५००, ४०००, ६००० असे आकार, किती बेअरिंग, किती वेग. जुन्या मिचेलची मूठ एकदा फिरवली की दोरा साडेतीनेक वेढे गुंडाळला जाई. आजची रिळं पाच-सहा वेढे सहज घेतात. दुकानदाराने सगळ्यात हलकं, सगळ्यात वेगवान रीळ पुढे केलं, वर विणलेला बारीक दोरा भरून घ्या म्हणाला. पुतण्याचे डोळे चमकले. त्याच्या कार्बनच्या काठीला ते शोभेलही.

पण आमची काठी जड, संथ, मुठीपर्यंत वाकणारी. तिच्यावर पिसासारखं रीळ बसवलं तर शेंडा खाली ओढतो आणि तासाभरात मनगट भरून येतं. जाहिरातीतला हलकेपणा इथे दोषच. खालच्या बाजूला थोडं वजन हवं, म्हणून धातूच्या अंगाचं रीळ बरं. विणलेला दोरा ताणला जात नाही, आणि जुन्या कड्यांवर घासून घासून त्यांत चर पाडतो. चर पडला की दोराच तुटायला लागतो. म्हणून साधा ०.३५ मिलिमीटरचा तंगूस. आकारही ४००० चाच, कारण ६००० च्या रुंद फिरकीवरून सुटणारे मोठे वेढे आमच्या पहिल्या बारक्या कडीवर आपटतात आणि फेक जवळच पडते. आणखी एक, रिळाचा पाय काठीच्या खोबणीत बसतो का ते दुकानातच पाहावं. फोटोवर भरवसा ठेवू नये.

मात्र नव्या रिळाची एक गोष्ट मी बिनशर्त मान्य करतो, ती म्हणजे ब्रेक. काकांच्या रिळाचा ब्रेक ओला झाला की अडखळायचा. तांबोशीची तर पहिलीच धाव खडकाच्या कपारीकडे असते. दोरा एकदा अडायचा, एकदा सुटायचा आणि मग फट्‌! काका कुणाला उद्देशून ते कळू न देता शिवी हासडत. नव्या रिळातून दोरा एकसारखा सुटतो, मासा दमतो. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा पाच किलोची तांबोशी त्या अडखळत्या ब्रेकवर खेळवून बघावी.

निगाही सोपी झाली. ब्रेक घट्ट आवळायचा, म्हणजे आत पाणी शिरत नाही, नळाच्या गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची, पुसून सावलीत वाळवायचं आणि ब्रेक पुन्हा सैल करायचा. घासलेट आता घरात नाहीच.

शेवटी साडेतीन हजारांचं रीळ घेतलं. आईने पावती पाहिली आणि एवढ्या पैशांत मिरकरवाड्यावरून किती सुरमई आली असती याचा हिशेब तोंडी करून दाखवला. आता पौर्णिमेच्या उधाणाला, भरती चढताना, खाडीवर जायचं ठरलंय. पहिल्या तांबोशीचं डोकं आपल्यालाच, असं आईने बजावून ठेवलंय आणि पुतण्याला ते मंजूर नाही.