न ऐकलेला तंबोरा

केवळ छायाचित्र पाहून विवाह ठरवावा, तसा मी गेल्या वर्षी एक जुना तंबोरा इंटरनेटवर पाहून विकत घेतला. संसाराच्या धबडग्यात पत्नीचे सुटलेले गाणे तिच्या पन्नासाव्या वाढदिवशी तिला परत द्यावे, असा माझा उदात्त हेतू होता. आणि हेतू उदात्त असला की चौकशी करण्याची गरज माणसाला सहसा वाटत नाही. तरीही मी सात छायाचित्रे मागविली. भोपळ्याला चीर नाही ना, दांडी वाकलेली नाही ना, हे निरखून पाहिले. विक्रेत्याने फोनवरून तारा छेडूनही दाखविल्या. परंतु तंबोऱ्याचा प्राण म्हणजे त्याची जवारी. घोडीच्या माथ्याला दिलेल्या अतिसूक्ष्म उतारावर तार घासत थरथरते आणि एका स्वरातून अनेक स्वर उमलतात. तो गुंजारव फोनच्या चिमुकल्या कर्ण्यातून कसा यावा?

तंबोरा आला. दिसायला देखणा, पण छेडताच पत्र्याच्या डब्यासारखा बोलू लागला.

मी तो घेऊन मिरजेस गेलो. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिथल्या कारागिरांची कीर्ती त्याहून पुष्कळ जुनी आहे. एका वृद्ध कारागिराने घोडीवरून बोट फिरविले. "तारांनी खाचा पाडल्यात. जवारी नव्याने काढावी लागेल. बाईंची पट्टी कोणती?"

जवारी गाणाऱ्याची पट्टी पाहून काढतात, हे मला तेव्हा कळले. मी निरुत्तर झालो. सत्तावीस वर्षांच्या सहवासात पत्नीच्या चहात साखर किती लागते, हे मी शिकलो होतो. तिचा षड्ज कोणता, हे कधी विचारले नव्हते.

दुकानाच्या पायरीवरून फोन केला. गुपित फुटले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली.

"पूर्वी काळी पाच होती," ती म्हणाली. "आता उतरली असेल. लावून पाहते."

त्याच चिमुकल्या कर्ण्यातून एक थरथरता षड्ज आला. कारागिराने पेटीच्या दोन-तीन पट्ट्या दाबून पाहिल्या, "काळी तीन," म्हणाला, आणि कानस घेऊन बसला.

विक्रेत्याला एक खरमरीत पत्र लिहावयाचे मी योजिले होते. ते लिहिले नाही. न ऐकता घेण्याचा दोष माझ्याकडेच होता, आणि तो तंबोऱ्यापेक्षा पुष्कळ जुना होता.