पानाची जाडी

पुस्तकाच्या जाडीविषयी आपण पुष्कळ बोलतो; पानाच्या जाडीविषयी जवळजवळ कधीच नाही. ‘जाडजूड ग्रंथ’, ‘चिमुकले पुस्तक’ असे शब्द समीक्षेतही सहज येतात. या जाडीत पृष्ठसंख्येइतकाच कागदाचाही वाटा असतो. २०० पृष्ठे म्हणजे १०० पाने. पान ०.०८ मिलिमीटरचे असेल तर ती ८ मिलिमीटर भरतात, ०.१३ चे असेल तर १३. मजकूर तोच, फुगीर कागदावर तो दीडपटीहून अधिक भारदस्त दिसतो.

हा हिशेब मी करू लागलो तो आजीच्या ओव्यांच्या वहीमुळे. वही साधी, शाळकरी, रेघांची. कागद पिवळा पडून कडांनी तुटू लागला होता. दुरुस्तीची चौकशी केली तेव्हा बांधणी करणाऱ्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला तो पानाच्या जाडीचा. त्यासाठी मी डिजिटल थिकनेस गेज घेतला. खाली सपाट स्थिर बैठक, वर दांड्याने उचलता येणारी लहान चकती, समोर आकड्यांची खिडकी. आधी दोन्ही पृष्ठभाग पुसून, मिटवून शून्य लावायचे. मग पान आत सरकवून चकती हलकेच टेकवायची. एकाच जागेच्या आकड्यावर विसंबायचे नाही. पानाच्या चार-पाच जागा पाहायच्या, अक्षरे टाळायची.

वहीचे पान ०.०७ ते ०.०८ भरले. तुलनेसाठी घरातला हातकागदाचा एक जुना तुकडा मोजला, तर तो एका कडेला ०.१४ आणि दुसऱ्या कडेला ०.१९. जुन्नर, दौलताबाद येथे असा कागद होत असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे नावच त्या व्यवसायावरून पडले. चिंध्या आणि ताग यांचा लगदा साच्यावर हाताने उचलायचा, खळ द्यायची आणि दगडाने घोटायचे, म्हणून जाडी जागोजागी बदलते. मऊ कागदावर चकती टेकली की आकडा क्षणभर खाली घसरत जातो. मोजणे म्हणजे थोडेसे दाबणेही असते. म्हणूनच कागदाच्या प्रमाणित मोजणीत दाब ठरलेला असतो, १०० किलोपास्कल; खोलीचे तापमान २३ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के. आपल्याकडच्या आषाढात ते कसे जमावे?

जे या यंत्राला कळत नाही तेही नोंदवले पाहिजे. जाडी म्हणजे बळ नव्हे. नेहमीच्या छपाईचा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो. तेवढ्याच जाडीचे जुन्या पुस्तकाचे पान दुमडताच तुटू शकते. कागदाला शाई पसरू नये म्हणून तुरटी आणि राळ यांची जी खळ दिली जाई, तिच्यातून येणारे आम्ल तंतू कुरतडत राहते. हे विल्यम बॅरो यांनी १९५० च्या दशकात प्रयोगांनी दाखवले. गेजच्या खिडकीत या कुरतडण्याचा मागमूसही नसतो.

मग जाडी मोजायची कशाला? उत्तर वहीतच होते. काही पाने पूर्वी कुणीतरी चिकटपट्टीने जोडली होती. मूळ फाट शाबूत होती. पट्टीच्या कडेला मात्र नवी चीर गेली होती. ठिगळ पानापेक्षा जाड आणि ताठ असले की पान उलटताना सारा ताण त्याच्या कडेवर येतो आणि जीर्ण कागद तिथे हार मानतो. यासाठी कोझोच्या लांब तंतूंचा जपानी टिश्यू वापरतात. आम्ही निवडलेला ०.०३ मिलिमीटरचा होता. तो गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावतात, म्हणजे पुढे कुणाला काढावासा वाटला तर पाण्याने सोडवता येतो.

साहित्य शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला यात आपल्या कामाचा एक नियम सापडतो. संहितेला दिलेला आधार संहितेहून ताठ नसावा आणि पुढच्या वाचकाला तो सोडवता यावा. ओव्यांवर लिहिलेल्या माझ्याच टिपणांत दोन ओळींच्या ओवीखाली दीड पृष्ठाचे भाष्य आढळते, तेव्हा त्या कडेची चीर मला दिसू लागते.

वहीतली सात पाने मात्र टिश्यूविना राहिली. त्यांवर आजीने शिसपेन्सिलीने अगदी कडेपर्यंत लिहिले आहे. आधीच पुसट झालेल्या त्या अक्षरांवर टिश्यूचा पडदाही जड झाला असता. ती सुटीच, स्वतंत्र पाकिटांत ठेवली आहेत. तुटण्याचा धोका आहे. पण वाचता येतात.