पितळेतला ताण

दुरुस्तीला येणाऱ्या गॅसबत्त्यांपैकी ज्या सगळ्यांत चकचकीत असतात, त्यांचीच मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची पेट्रोमॅक्स माळ्यावरून खाली येते आणि घरातलं कुणीतरी उग्र वासाचं पॉलिश लावून ती हौसेनं घासून काढतं. बत्ती नव्यासारखी दिसू लागते, पण तिच्या टाकीला त्याच पॉलिशनं इजा झालेली असू शकते, आणि ती सुरुवातीला डोळ्यांना दिसत नाही.

बर्लिनच्या माक्स ग्रेट्झ यांच्या कारखान्यात 1910च्या सुमारास तयार झालेल्या या बत्तीची रचना आजही थक्क करते. टाकीत रॉकेल भरून पंपानं हवा दाबायची. त्या दाबानं रॉकेल उभ्या नळीत चढतं. नळी आधी स्पिरिटवर तापवलेली असते, पुढे बत्तीची स्वतःचीच आच तिला पुरते. नळीत रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या बारीक भोकातून जोरात सुटते, वाटेत हवा ओढून घेते आणि मेंटल नावाच्या जाळीदार पिशवीत निळसर ज्योतीनं जळते. त्या ज्योतीला स्वतःचा उजेड फारसा नसतो. उजेड देतं ते मेंटल.

मेंटलचं श्रेय कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाचं. 1891 साली त्यांनी 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण पक्कं केलं. पुढे 1909 साली शोमबर्ग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काथ्याला चिकटून आलेल्या वाळूत मोनाझाइट ओळखलं. ती वाळू त्रावणकोरच्या किनाऱ्याची होती. मग त्याच किनाऱ्यावरच्या मनवलकुरिचीची वाळू मेंटलच्या थोरियमसाठी परदेशी जाऊ लागली. थोरियम किंचित किरणोत्सारी असतो. म्हणून जुनं मेंटल फुंकून झटकू नये, त्याची राख ओल्या कापडानं टिपावी आणि हात धुवावेत.

आता टाकीकडे येतो. पितळेचा पत्रा दाबून तिला आकार दिलेला असतो आणि त्या दाबण्याचा ताण धातूत कायम राहतो. अशा ताणलेल्या पितळेला अमोनिया लागला, की कालांतरानं तिला भेगा पडतात. ब्रिटिश फौजेला हे हिंदुस्थानातच कळलं. पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पावसाळी दमट हवा यांचा तो परिणाम होता. 1921 साली ही कारणमीमांसा प्रसिद्ध झाली.

आपल्या गावांत बत्ती कुठे ठेवलेली असे? बहुतेकदा गोठ्याच्या माळ्यावर, नाहीतर गोठ्याला लागून असलेल्या पडवीत. खाली गुरं, वर पितळ, आणि चार महिने पाऊस. कळकट पण धड दिसणाऱ्या टाकीच्या बुडाशी केसासारखी रेघ सापडते, ती यामुळे. पितळेच्या कित्येक पॉलिशमध्येही अमोनिया असतो. माळ्यावर जे काही वर्षांत होतं, त्याची सुरुवात आपण चिंधीनं स्वतःच्या हातानं करून देतो.

म्हणून बत्ती हाती आली, की मी ती आधी कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश यांनीच धुतो. निकेलचा मुलामा असेल तर तो अजिबात घासत नाही. गेलेला मुलामा परत येत नाही. मग टाकी पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरतो, बाहेरून पुसून कोरडी करतो आणि बेतानं पंप मारतो. भेग असेल तर तिथे पाणी पाझरतं. अशी टाकी पुन्हा पेटवायची नाही. झाळून भेग बुजली तरी धातूतला ताण जात नाही, शेजारीच दुसरी भेग पडू शकते. ती बत्ती कपाटात शोभेला ठेवावी.

टाकी धड असेल, तर उरलेलं काम चिकाटीचं आहे. पंपाचा चामडी वायसर कडक झाला असेल तर तेलात मुरवावा. पंपाचा दांडा आपोआप वर येत असेल तर तळाचा व्हॉल्व्ह गळतोय असं समजावं. निपल तुंबलं तर त्याच मापाची पिन वापरावी. सुई खुपसून भोक मोठं केलं की बत्ती भडकते आणि काजळी धरते. रॉकेल स्वच्छ, गाळलेलं हवं. रॉकेलच्या बत्तीत पेट्रोल कधीही, थेंबभरही घालू नये.

आणि अशी बत्ती अधूनमधून पेटवावी, मोकळ्या हवेत. न वापरता ठेवली की चामडं सुकतं आणि नळीत उरलेलं रॉकेल चिकट होऊन बसतं. नुसती मांडून ठेवलेली बत्ती हळूहळू निकामी होते, चालती ठेवलेली टिकते. माझ्या संग्रहाचा नियम एवढाच आहे.

याच बत्त्यांच्या उजेडात कोकणात दशावतार रात्रभर रंगले, कीर्तनं झाली, वराती निघाल्या. वरातीत ती बत्ती डोक्यावर घेऊन कुणीतरी मैलोन्‌मैल चालत असे, आणि ती पेटवण्यात वाकबगार असा एखादा माणूस गावात असायचाच. त्यांची नावं बहुधा कुठेच लिहिलेली नाहीत. यंदा माळ्यावर बत्ती सापडली, तर पॉलिशची बाटली बाजूला ठेवा. ती कोण पेटवत असे, हे घरातल्या थोरांना विचारा आणि ते नाव चिठ्ठीवर लिहून बत्तीसोबत ठेवा. सुटे भाग पुढेही शोधता येतील. ती नावं सांगणारी माणसं मात्र आज आहेत, तोवरच विचारायला हवं.